व्हायकिंगांनी हेब्रिडीजमधला ख्रिस्ती धर्म खरंच पुसून टाकला?

स्कॉटलंडच्या पश्चिमेला असलेल्या, गेलिक ही केल्टिक भाषा बोलणाऱ्या हेब्रिडीज बेटांबद्दल एक मजकूर वरचेवर फिरत असतो. त्यातले दावे असे: व्हायकिंगांनी तिथला ख्रिस्ती धर्म मुळासकट उखडला, ते लुटायला आले आणि लुटून गेले, १२६३ साली लार्ग्जच्या लढाईत स्कॉटलंडने बेटं जिंकली, मग गेलिक लोकांना आपली मूळ, निर्भेळ संस्कृती परत मिळाली. चारही दाव्यांत गफलत आहे, पण सगळ्यांत सारखी नाही.

धर्म उखडल्याचा दावा निदान एका खऱ्या घटनाक्रमावर उभा आहे. संत कोलंबाने ५६३ मध्ये आयोना बेटावर स्थापलेल्या मठावर ७९५ मध्ये हल्ला झाला, ८०२ मध्ये तो जाळला गेला आणि ८०६ मध्ये तिथली ६८ माणसं मारली गेली. मजकूर इथेच थांबतो, इतिहास मात्र पुढे जातो. डब्लिनचा नॉर्स (म्हणजे व्हायकिंगांच्याच स्कँडिनेव्हियन वंशाचा) राजा ओलाफ क्वारान ९८० मध्ये गादी सोडून यात्रेकरू म्हणून याच आयोनावर आला आणि तिथेच वारला. ९८६ च्या ख्रिसमसच्या रात्री पुन्हा हल्ला झाला, त्यात मठाधिपती आणि १५ साधू मारले गेले. घटना भयंकरच, पण मठ कधीच संपला असता तर मारायला मठाधिपती कुठून आला असता?

याहून बोलका पुरावा दक्षिणेकडच्या बॅरा बेटावरचा आहे. किल्बार इथल्या दफनभूमीत एक शिळा सापडली. तिच्या एका बाजूला क्रूस कोरलेला आहे, दुसऱ्या बाजूला रून लिपीतला लेख. लेख झिजलाय, पण त्याचा मान्य अर्थ असा, की स्टायनारची मुलगी थोरगर्ड हिच्या स्मरणार्थ हा क्रूस उभारला. बाप-लेकीची नावं नॉर्स, लिपी नॉर्स, चिन्ह ख्रिस्ती, आणि जागा संत बार यांच्या नावाच्या चर्चची. ही शिळा साधारण दहाव्या-अकराव्या शतकातली. म्हणजे चर्च उद्ध्वस्त करायला आलेल्यांचे वंशज त्याच चर्चच्या अंगणात आपली माणसं पुरत होते. मूळ शिळा आज एडिंबराच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

'लुटून गेले' हे तर सपशेल खोटं. लुईस बेटावरच्या गावांची बहुतेक नावं आजही नॉर्स वळणाची आहेत. साउथ युइस्टमधल्या बॉर्निश इथे पिढ्यान्‌पिढ्या नांदलेली नॉर्स वस्ती उत्खननात सापडली आहे. चार दिवसांचे लुटारू शेतं कसत नाहीत आणि गावांना नावंही देत नाहीत.

लार्ग्जबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ती वादळात भरकटलेल्या जहाजांभोवतीची अनिर्णीत चकमक होती. नॉर्वेचा राजा होकोन चौथा त्याच हिवाळ्यात ऑर्कनीत आजारपणाने वारला. बेटं नॉर्वेच्या हातून गेली ती १२६६ च्या पर्थच्या तहाने, स्कॉटलंडने ४००० मार्क (तेव्हाचं पैशांचं माप) आणि वर्षाला १०० मार्क द्यायचे या बोलीवर. चक्क सौदा! चर्चचा कारभार तर तहानंतरही नॉर्वेतल्या निदारोसच्या आर्चबिशपकडेच ठेवला गेला. 'विजया'च्या गोष्टीत हे कलम बरं गाळलं जातं.

राहिली ती निर्भेळ संस्कृती. मुळात बाहेरच्या हेब्रिडीजमध्ये (लुईस, युइस्ट, बॅरा ही पश्चिमेकडची रांग) व्हायकिंगांपूर्वी गेलिक रुजलेली होती, हेच गृहीत धरता येत नाही. बॅराजवळच्या पाबे बेटावर पिक्ट लोकांची (स्कॉटलंडच्या गेलिकपूर्व रहिवाशांची) चिन्हं कोरलेला दगड आहे, बेनबेक्युलातही तसाच एक सापडला. त्या बाजूला गेलिकचा पूर्ण जम बसला तो नॉर्स काळाच्या ओघात आणि त्यानंतर. तेव्हा 'परत मिळाली' म्हणायचं कशाच्या आधारावर?

नॉर्सांना हुसकावणारा गेलिक वीर म्हणून ज्याचे गोडवे गायले जातात, त्या सोमरलेडचं नावच नॉर्स. ११६४ मध्ये तो मारला गेला, तोही नॉर्सांच्या नव्हे, स्कॉटलंडच्या राजाच्या बाजूने लढणाऱ्यांच्या हातून. त्याची बायको रॅग्नहिल्ड ही मॅन बेटाच्या नॉर्स-गेलिक राजाची मुलगी. आणि १२०० च्या सुमारास आयोनावर बेनेडिक्टाइन मठ उभारला तो या दोघांच्या मुलाने. त्याचंही नाव नॉर्सच, रॅग्नाल्ड.