एका घरातली दोन मुलं

ताई, उत्तराला आठवडा लागला. पहिल्याच दिवशी एक लांबलचक उत्तर लिहून ठेवलं होतं, पण दुसऱ्या दिवशी वाचलं तर त्यात नुसती सारवासारव होती. ते पुसलं आणि पुन्हा लिहायला बसलो.

ज्यांनी मागचा लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मुलं चारचौघांत वावरायला कशी शिकतात यावर तो लेख होता. घर, शाळा, सवंगडी आणि माध्यमं असे चार भाग पाडले होते आणि सुरुवात 'घर ही मुलाची पहिली शाळा' या वाक्याने केली होती. त्यावर तुम्ही लिहिलंत: "माझी दोन मुलं एकाच घरात, एकाच शिस्तीत वाढली. मोठी कुणाशीही दोन मिनिटांत गट्टी करते. धाकटा पाहुणे आले की दाराआड. मग घराने नेमकं काय शिकवलं? लेख वाचून मला फक्त अपराधी वाटलं. आणि औषधाच्या पुड्या बांधाव्यात तसे तुम्ही चार भाग केलेत. माझं मूल असं चार पुड्यांत जगत नाही. मोबाइलचा विषय आला तिथे मात्र बोटचेपेपणा केलात."

पुड्यांची उपमा बोचली. बरोबर होती म्हणूनच बोचली.

आधी तुमची दोन मुलं. हा प्रश्न तुम्हाला एकटीलाच पडलेला नाही. रॉबर्ट प्लोमिन आणि डेनिस डॅनियल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ साली एक शोधनिबंध लिहिला. एकाच कुटुंबातली मुलं एकमेकांपासून इतकी वेगळी का, हा प्रश्नच त्याचं शीर्षक आहे. जुळ्या आणि दत्तक मुलांच्या अभ्यासांचा आढावा घेऊन त्यांनी दाखवलं की एका छपराखाली वाढल्यामुळे भावंडांचे स्वभाव फारसे सारखे होत नाहीत. जे साम्य दिसतं ते बरंचसं रक्तातून आलेलं असतं. म्हणून घराचा परिणाम होतच नाही असं नाही. घर प्रत्येकाच्या वाट्याला वेगळं येतं, एवढंच. तुमच्या मोठीला सुरुवातीची काही वर्षं आईबाप एकटीला मिळाले. धाकट्याला ते मिळाले एका बोलघेवड्या बहिणीसकट. पाहुण्यांनी त्याला "नाव काय रे तुझं?" असं विचारलं, तर उत्तर कोण देतं? पैजेवर सांगतो, तो देत नसणार.

आता माझी चूक. मागच्या लेखात मी डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ बाईंचा दाखला दिला होता. त्यांनी १९६०च्या दशकात बालवाडीच्या वयाची मुलं आणि त्यांचे आईबाप यांचा अभ्यास केला. माया करणाऱ्या, पण जिथे 'नाही' म्हणायचं तिथे 'नाही'च म्हणणाऱ्या आईबापांची मुलं इतरांत जास्त सहज वावरतात, असं त्यांना आढळलं. मी त्याचं 'आईबाप असे वागले म्हणून मुलं अशी झाली' असं करून मोकळा झालो. पण ते उलटंही असू शकतं, हे रिचर्ड बेल यांनी १९६८ सालीच बजावून ठेवलं होतं. जे मूल मुळातच ऐकणारं आहे त्याच्याशी समजुतीने बोलणं सोपं असतं. जे सकाळपासून प्रत्येक गोष्टीला आडवं जातं, त्याच्या आईचा आवाज संध्याकाळपर्यंत चढलेलाच असतो. बाहेरून बघणारा म्हणतो, "बघा, आई ओरडते म्हणून मूल असं." हे तुम्ही घरात रोज अनुभवत असाल. मी ते कागदावरून उचललं आणि तेही अर्धंच. अपराधी वाटलं असेल तर तो माझ्या वाक्याचा दोष. 'पहिली शाळा' मागे घेतो.

मग घर अजिबातच सोडून द्यायचं का? ज्युडिथ रिच हॅरिस या बाई जवळजवळ तिथपर्यंत गेल्या. त्यांना १९६० साली हार्वर्डमधून पीएच.डी. न देताच काढून टाकलं होतं, आणि त्या पत्रावर तिथल्या मानसशास्त्र विभागाचं काम तेव्हा बघणाऱ्या जॉर्ज मिलर यांची सही होती. पुढे घरी बसून पाठ्यपुस्तकं लिहिता लिहिता त्यांना वाटलं की आपण जे लिहितोय तेच पटत नाही. १९९५ साली त्यांचा लेख आला: मुलाला घडवतात ते त्याच्या बरोबरीची मुलं, आईबाप नव्हेत. त्या लेखाला जो पुरस्कार मिळाला तो नेमका जॉर्ज मिलर यांच्याच नावाचा. (असा योगायोग कथेत घातला असता तर संपादकाने काट मारली असती.) हॅरिसबाईंचा लाडका पुरावा बोलीचा आहे. परक्या देशात गेलेल्या कुटुंबातलं मूल शेवटी आईबापांच्या उच्चारात बोलत नाही, गल्लीतल्या पोरांसारखं बोलतं. हे खरंच आहे. तरी मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटत नाही, आणि का ते सांगण्यासाठी माझ्या भाचीची गोष्ट सांगतो.

भाची तेव्हा पाच वर्षांची होती. मैदानाच्या कडेला चार मुलं ओल्या मातीत खड्डा खणून त्यात पाणी अडवत होती. ही माझं बोट सोडून पुढे गेली आणि त्यांच्यापासून तीन-चार हातांवर थांबली. नुसती उभी. मग एक काडी उचलली आणि जागच्या जागी माती उकरायला लागली. त्यांच्याकडे बघायचं नाही, पण उकरायचं मात्र त्यांच्यासारखंच. थोड्या वेळाने काडी टाकली, एक चपटा दगड घेतला आणि हातभर पुढे सरकली. मी कडेला उभा राहून अस्वस्थ. पोर बिचारी एकटी पडलीय असं मला वाटत होतं. शेवटी राहवलं नाही. पुढे होऊन म्हणालो, "अरे, हिलाही घ्या की खेळायला!" चौघांनी वर पाहिलं. एकाने खांदे उडवले. "ये," म्हणाला, आणि तिला पाणी आणायला पिटाळलं. झाली लिंबूटिंबू. पंधरा मिनिटं ती पाणी वाहत होती, धरणाला हात लावायची परवानगी नव्हती. परत येताना म्हणाली, "मामा, तू कशाला बोललास? मी दगड लावणारच होते."

ती खरंच लावणार होती. विल्यम कोर्सारो या समाजशास्त्रज्ञाने बालवाडीच्या मुलांत बसून वर्षानुवर्षं हेच पाहिलं. 'मला खेळायला घेता का' असं मुलं क्वचितच विचारतात, कारण विचारलं की नकाराला तोंड फुटतं. त्याऐवजी ती घिरट्या घालतात, काय चाललंय ते समजून घेतात आणि त्या खेळाला शोभेल असं काहीतरी आपणहून करून आत शिरतात. चालू डाव मोडायचा नाही, स्वतःचं घोडं पुढे दामटायचं नाही. हे कुठल्याही मोठ्या माणसाने भाचीला शिकवलेलं नव्हतं. इथे हॅरिसबाईंना शंभर गुण. पण ती तिथे तीन-चार हातांवर शांत उभी राहू शकली, घाबरून माझ्याकडे पळत आली नाही, हे कुठून आलं? काही स्वभावातून आलं असेल, पण काही तरी घरातून आलंच असणार. आणि ती कसरत मोडली कुणी? घरच्याच माणसाने.

तुमच्या पुड्यांच्या आक्षेपाला याहून मोठं उदाहरण मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशातलं आहे. १९७७ साली मानाग्वा शहरात बहिऱ्या मुलांसाठी विशेष शाळा निघाली. तोवर ही मुलं आपापल्या घरात एकेकटी होती. प्रत्येकाने घरच्यांशी बोलण्यासाठी स्वतःच्या काही खुणा जुळवल्या होत्या. एकाची खूण दुसऱ्याला कळायची नाही. शाळेचा बेत होता ओठ वाचून स्पॅनिश शिकवण्याचा. वर्गात त्यातलं फारसं काही साधलं नाही. पण मैदानात आणि शाळेच्या बसमध्ये मुलं एकमेकांच्या खुणा उचलत होती, बदलत होती, जोडत होती. थोड्याच वर्षांत त्यातून एक सामाईक खाणाखुणांची बोली तयार झाली. पुढच्या वर्षांत जी लहानगी मुलं शाळेत आली त्यांनी ती मोठ्यांकडून घेतली आणि तिला व्याकरण चढवलं. मोठी मुलं जे ढोबळपणे सांगायची ते लहानगी बारकाव्याने सांगू लागली. आज ती एक पूर्ण भाषा आहे. शिक्षकांना मुलं काय बोलतात ते कळेना, म्हणून १९८६ साली ज्युडी केगल या भाषाशास्त्रज्ञ तिथे गेल्या.

आता याच्या पुड्या बांधा. खुणा घरातल्या, मैदान शाळेचं, भाषा सवंगड्यांची. घरच्या खुणा नसत्या तर मैदानात आणायला काही नव्हतं. शाळा नसती तर मुलं एकत्र आलीच नसती, आणि गंमत म्हणजे शाळेने जे शिकवायचं ठरवलं होतं ते बाजूलाच राहिलं. मागच्या लेखात शाळेवरच्या भागात मी मूल्यशिक्षण, गटकार्य असलं काहीबाही लिहिलं होतं. ते आज नव्याने लिहायचं झालं तर एवढंच लिहीन की शाळा मुलांना एकमेकांच्या शेजारी बसवते, आणि कुणाला कुणाशेजारी बसवायचं हे ठरवणाऱ्या बाईंच्या हातात फार मोठी गोष्ट असते.

राहिला मोबाइल. इथे मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे. बोटचेपेपणा मान्य, पण तुम्हाला हवं तसं ठाम वाक्य मी आजही लिहिणार नाही.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांचा बाहुलीचा प्रयोग बहुतेकांना ऐकून माहीत असतो: मोठ्या माणसाने फुगीर बाहुलीला बदडलेलं मुलांनी पाहिलं आणि तशीच बदडली. तो १९६१चा. मला १९६५चा जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात मुलांना फिल्म दाखवली. काहींच्या फिल्ममध्ये बदडणाऱ्याला शेवटी बक्षीस मिळालं, काहींच्या फिल्ममध्ये तो शिक्षा खाऊन गेला. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी नक्कल कमी केली. पण नंतर सगळ्यांना सांगितलं की पडद्यावर काय पाहिलं ते करून दाखवा, बक्षीस देतो, तेव्हा ज्यांनी शिक्षा पाहिली होती त्यांनीही इतरांइतकंच करून दाखवलं. म्हणजे शिकली होती सगळीच. करायचं की नाही, हे ती परिणाम बघून ठरवत होती. धाकट्याने पडद्यावरून एखादी शिवी उचलली असेल तर ती उचललीच, ती परत काढता येत नाही. ती तो कुणासमोर तोंडातून काढेल, हे ती ऐकून हसणारं कोण आहे यावर ठरतं.

याला दोन ठिकाणांची साक्ष आहे. कॅनडातल्या एका गावात डोंगरांमुळे १९७३ पर्यंत टीव्हीच पोचला नव्हता. टॅनिस मॅकबेथ विल्यम्स यांच्या गटाने तो येण्याआधी आणि आल्यानंतर दोन वर्षांनी तिथल्या मुलांना मैदानात पाहिलं. मारामाऱ्या आणि तोंडाची भांडणं वाढली होती. तुमची बाजू पक्की झाली, नाही का? पण दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर टीव्ही १९९५ साली आला, आणि टोनी चार्लटन यांच्या गटाने तिथेही आधी आणि नंतर मुलांच्या खेळाचं चित्रण केलं. तिथे वागणं बिघडल्याचं दिसलं नाही. कारण शोधताना अभ्यासकांनी बोट ठेवलं ते बेटावरच्या माणसांवर. सगळे सगळ्यांना ओळखतात, पोराने खोडी काढली तर ते घरी पोचायच्या आत बातमी पोचते.

या दोन्ही गोष्टी टीव्हीच्या आहेत, तुमच्या धाकट्याच्या खिशात मावणाऱ्या पडद्याच्या नाहीत, हे मला कळतं. फरक मोठा आहे. टीव्ही खोलीत सगळ्यांसमोर असायचा, कुणीतरी "बंद कर ते" म्हणायला हजर असायचं. मोबाइल एकट्याचा असतो, आणि मला धास्ती वाटते ती त्या एकटेपणाची. पडद्यावर काय चाललंय यापेक्षा त्या वेळी शेजारी कुणी आहे का, हे मी आधी बघीन. किती मिनिटं, हा आकडा मला विचारू नका. मी दिला तर तो दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी आईच्या फ्रिजवर चिकटलेला असेल आणि तिला तुमच्यासारखंच अपराधी वाटत असेल.

शेवटी पुन्हा धाकट्याकडे येतो, कारण तुमच्या प्रतिक्रियेत खरी काळजी तिथे दिसली. सगळ्यांशी बोललाच पाहिजे असं काही नाही. काही माणसं दाराआडच बरी असतात, मी स्वतः त्यातला. पण त्याला मिसळायचं असून जमत नसेल, तर १९७९ सालचा एक छोटा प्रयोग सांगतो. फरमन, राहे आणि हार्टअप यांनी बालवाडीतली बुजरी मुलं घेतली. काहींना दहा वेळा, दर वेळी वीस मिनिटं, वर्ष-दीड वर्षाने लहान मुलाबरोबर एकटं खेळू दिलं. काहींना बरोबरीच्या मुलाबरोबर. शिकवणी नाही, उपदेश नाही, नुसता खेळ. वर्गात परतल्यावर दोन्हींत फरक दिसला, पण लहान मुलाबरोबर खेळलेली जास्त खुलली होती. लहानग्यासमोर पुढाकार घेण्यावाचून गत्यंतर नसतं, 'हे असं कर' म्हणायला कुणीतरी पहिल्यांदाच मिळतं. तुमचा धाकटा घरात कायम धाकटाच आहे. त्याच्याहून वर्षभराने लहान असं एखादं पोर ओळखीत आहे का? असेल तर त्या वेळी मोठीला दुसऱ्या कामाला लावा, तुम्हीही खोलीत डोकावू नका (मी काय केलं ते वर वाचलंच), आणि पाच-सहा वेळा झाल्यावर मला कळवा. काहीच झालं नाही, तरी कळवा.