पक्षनेता व्हायचंय? जुन्या कॅनडाकडून शिका

१ जुलै, म्हणजे कॅनडा दिन, आला की देशाचे पहिले पंतप्रधान जॉन ए. मॅकडोनल्ड यांच्या फोटोसकट 'तेव्हाचं राजकारण किती स्वच्छ होतं' हा मेसेज येतोच. यंदाही आला, दिवसभर येतच राहिला. तेव्हा तसंच स्वच्छ राजकारण करू इच्छिणाऱ्यांसाठी थोडं मार्गदर्शन.

मतदान एकाच दिवशी उरकू नका. १८६७ आणि १८७२ ला ते आठवडेच्या आठवडे चाललं. हक्काच्या जागा आधी घ्यायच्या, बाकीचे वारा बघून येतात. न्यू ब्रन्सविक हा प्रांत सोडला तर मत सगळ्यांसमक्ष तोंडी सांगायचं, त्यामुळे विकत घेतलेला मतदार फिरला तर जागच्या जागी कळतं.

हुशारीवर विसंबू नका. लिबरल पक्षाचे हुशार नेते एडवर्ड ब्लेक दोन निवडणुका हरले आणि शेवटी आयर्लंडमधून ब्रिटिश खासदार झाले.

घरच्यांनी पाडलं तर खचू नका. १८७८ ला त्यांच्या किंग्स्टनने मॅकडोनल्डना पाडलं, तर ते पार पश्चिम किनाऱ्यावरच्या व्हिक्टोरियातून निवडून आले. ते गाव त्यांनी पाहिलं १८८६ ला!

आता पैसा. ज्याला रेल्वेचं कंत्राट हवंय त्याच्याकडूनच घ्यावा. १८७२ च्या निवडणुकीत उद्योगपती ह्यू ॲलनकडून मॅकडोनल्डच्या पक्षाला सुमारे साडेतीन लाख डॉलर मिळाले. मागणी तारेने करावी, मॅकडोनल्डनी ॲलनच्या वकिलाला केली तशी: आणखी दहा हजार हवेतच, हे शेवटचं मागणं, आजच उत्तर द्या. मग वकिलाच्या ऑफिसातला कारकून कागद लांबवतो आणि वर्षभरात सगळं पेपरात छापून येतं. तेव्हा संसद स्थगित करायची, चौकशीला तीन न्यायाधीश आपणच नेमायचे, आणि तरी निभावलं नाही तर राजीनामा. पाच वर्षांनी परत पंतप्रधान! आणि तार ज्याला गेली तो वकील? जॉन ॲबट. १८९१ ला मॅकडोनल्ड वारले, त्यांच्या खुर्चीत कोण बसलं? हाच! आणि म्हणे स्वच्छ.

पुरे झाली थट्टा. स्वच्छ माणूस होता: मॅकडोनल्डच्या राजीनाम्यानंतर पंतप्रधान झालेला अलेक्झांडर मॅकेन्झी, पेशाने पाथरवट. बांधकाम खातं स्वतःकडे ठेवलं, कामं मागायला येणाऱ्यांना चुकवायला ऑफिसातून वेगळा जिना काढला, 'सर' ही पदवी नाकारली. १८७४ ला गुप्त मतदानाचा कायदा त्याच्याच सरकारने केला. सार्वत्रिक निवडणुकीत त्या मतपेट्या पहिल्यांदा ठेवल्या १८७८ ला, आणि त्यांतून त्याचाच पराभव निघाला. मंदी होती, मान्य. पण निवडून कोणाला दिलं? तारवाल्याला!

आणि तुम्ही दरवर्षी फोटो फिरवता तोही त्याचाच. तुम्हाला स्वच्छ माणूस नकोच असतो हो, जिंकलेला हवा असतो, आणि त्याला मागाहून आंघोळ घालायची असते. पाठवायचाच असेल तर मॅकेन्झीचा फोटो पाठवा. नाहीतर गप्प बसा.