पुस्तकाआधीची सहा वर्षे

चीनचे तंत्रज्ञान आणि उद्योग यांचे अभ्यासक व लेखक डॅन वांग यांच्या कारकिर्दीवरील तुमचा लेख आवडला. मात्र ‘अभियंत्यांचा चीन आणि वकिलांची अमेरिका’ या त्यांच्या २०२५ च्या पुस्तकातील मांडणीलाच लेखाने जवळजवळ सगळी जागा दिली, हे खटकले. चीनची सूत्रे अभियंत्यांच्या हाती, तर अमेरिकेची वकिलांच्या, ही मांडणी आकर्षक असली तरी थोडी ढोबळ आहे. २००२ मध्ये चीनच्या कम्युनिस्ट पक्षाच्या सर्वोच्च स्थायी समितीतील नऊही सदस्य अभियंते होते हे खरे, पण पुढे दहा वर्षे पंतप्रधान राहिलेले ली खछियांग कायद्याचे पदवीधर होते.

माझ्या मते वांग यांचे खरे भांडवल म्हणजे २०१७ ते २०२३ या काळात हाँगकाँग, बीजिंग आणि शांघाय येथे राहून गावेकल ड्रॅगोनॉमिक्स या संशोधन संस्थेसाठी केलेले काम, आणि त्याच्या जोडीने दरवर्षी लिहिलेली दीर्घ वार्षिक पत्रे. अशा संस्थेच्या गुंतवणूकदार ग्राहकांना चिप उद्योग आणि चीनवरील अमेरिकी निर्यातबंदी यांचा नेमका अर्थ जाणून घ्यायचा असतो. त्या चौकटीत न मावणारे पत्रांत उतरले. २०२१ च्या उन्हाळ्यात ते मित्रांसोबत क्वेइचौ या गरीब प्रांतातून सायकलने छोंगछिंगला गेले, तेव्हा उत्तुंग पूल तर दिसलेच, शिवाय त्या डोंगराळ भागातील एक तालुका गिटार बनवण्याचे मोठे केंद्र झाल्याचेही कळले. कार्यालयात बसून आकडेवारी चाळणाऱ्याच्या हाती असे काही क्वचितच लागते. पुढे २०२२ ची शांघायमधील कोविड टाळेबंदीही त्यांनी तिथे राहूनच अनुभवली. त्यामुळे त्यांनी केलेल्या चीनच्या कौतुकाइतकीच त्यांनी केलेली टीकाही मला विश्वासार्ह वाटते.