सांध्याच्या मोटरला सतत वीज देऊ नका

बागेत मांडलेल्या छोट्या मॉडेल रेल्वेच्या सांध्यांसाठी (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी जागा; ती मोटरने सरकते) "पावसाळी उपाय" सांगणारा एक मेसेज मे महिन्यापासून फिरतोय. तो फोंड्याला आमच्या काकांपर्यंत पोचला, त्यांनी एका सांध्यावर करून पाहिला आणि मोटर गमावली. उरलेल्या मोटरी तरी वाचाव्यात म्हणून लिहितोय.

मेसेज म्हणतो, "मोटरला वीज चालूच ठेवा, कॉइल गरम राहते, ओल धरत नाही." याहून घातक सल्ला मी वाचलेला नाही. एलजीबी (बागेतल्या मॉडेल रेल्वेचा ब्रँड) पद्धतीच्या मोटरला वीज द्यायची ती सांधा सरकेपर्यंत, क्षणभर. बटण सोडलं की वीज बंद, ही तिची रचनाच आहे. समजा कॉइल (मोटरमधलं तारेचं वेटोळं) ८ ओहमची आणि पुरवठा १६ व्होल्टचा. प्रवाह झाला २ अँपिअर, उष्णता ३२ वॅट. दुकानात मिळणारं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं! काकांची मोटर उघडली तेव्हा कॉइलच्या तारेवरचं वार्निश काळं पडून सोललं होतं आणि प्लास्टिकचा दातेरी दांडा मऊ होऊन वाकला होता. दुसऱ्या जातीच्या काही संथ मोटरी सतत विजेवर राहतात, हे मान्य. पण त्या अडून थांबल्यावर जेमतेम १५-२० मिलिअँपिअर घेतात, आणि त्या घरातल्या टेबलाखाली बसवायच्या असतात. त्यांचा नियम इथे लावायचा नाही.

"बाथरूमच्या सिलिकॉनने चारी बाजू बंद करा." व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसेटिक आम्ल सोडतं आणि ते तांबं-पितळ खातं. शिवाय उन्हात मोटरची डबी तापते, आतली हवा फटीतून बाहेर जाते; सर आली की डबी गार होऊन दमट हवा आत ओढते, आणि ते पाणी मग आतच राहतं. तळाचं भोक उघडं ठेवा, मोटर खडीपेक्षा थोडी वर बसवा, वायर आधी खाली झोल देऊन मग आत घ्या. वायरीच्या तोंडाशी सिलिकॉन लागलंच तर न्यूट्रल, म्हणजे आम्ल न सोडणाऱ्या जातीचं.

"आयपी ६७ डबा घेतला की काळजी मिटली." आयपी म्हणजे डब्यात धूळ-पाणी किती शिरू शकतं याचा दर्जा; तो ठरवणारं आयईसी ६०५२९ हे मानकच वाचा. ६७ मधला ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. गंज, बुरशी, किडे आणि आत साचणारं दव यांपासून बचाव या मानकाच्या कक्षेत येत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. गोव्यात जून ते सप्टेंबर आपल्याला नडतं ते नेमकं हेच.

सांध्याला खोबरेल तेल लावा, असंही मेसेजमध्ये आहे. त्याचं थोडक्यात: ते २४ अंशांच्या आसपास थिजतं, म्हणजे जानेवारीतल्या सकाळी सांधा अडणार. त्याआधी जांभ्याची तांबडी धूळ सांध्याच्या सरकत्या पात्यावर चिकटेल आणि मुंग्या येतील ते वेगळंच. कोरडा ब्रश पुरे.

"पावसात मोटरी काढून घरात ठेवा" हे एवढं एक बरोबर आहे. चवथीला पोरांसाठी गाडी चालवायची असेल तर तेवढे दिवस सांधे हाताने बदलता येतात.

आणि ट्रान्सफॉर्मर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बागेत ठेवायला सांगितलंय, ते मुळीच करू नका. २३० व्होल्टचं काहीही घरातच ठेवा, तेही ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). बागेत जाऊ दे फक्त कमी व्होल्टेजची वायर.