गोळी चालू, जेवण बंद

गेल्या मंगळवारी संध्याकाळी मावशी तलावपाळीवर चक्कर मारताना बाकावर बसली ती उठेना. घामाने चिंब, हात थरथरतायत. शेजारच्या भेळवाल्याने साखर-पाणी पाजलं. घरी आणून मशीनवर बघितलं, तर ते पाणी पोटात जाऊनही शुगर 64.

मूळ कारण तिच्या नौपाड्यातल्या भजनी मंडळाच्या ग्रुपवरचा एक फॉरवर्ड. मलाही तो आतापर्यंत चौघांनी पाठवलाय. त्यात थोडक्यात असं आहे: आहारतज्ज्ञांचं आपसात पटत नाही, म्हणजे कुणालाच काही कळत नाही. दिवसातून दोनदाच जेवा, 21 दिवसांत डायबिटीस मुळापासून जातो, परदेशात 46 टक्के लोकांचा गेला. गोळ्या पहिल्याच दिवशी बंद करा. गूळ कितीही खा. भात विष आहे.

गूळ आणि भात आधी हातावेगळे करतो. गुळात बहुतेक सुक्रोजच असतं, म्हणजे साखरेत असतं तेच. भात विष नाही, प्रश्न ताटात किती वाढून घेता हा आहे.

पटत नाही हे खरं. दोनदाच जेवा म्हणणारे डॉ. दीक्षित आणि थोडं थोडं, पण वेळच्या वेळी खा म्हणणाऱ्या ऋजुता दिवेकर, यांच्यावरून आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत वाद झालेत. पण तो वाद कितीदा खावं याचा आहे. गोळ्यांचा डोस डॉक्टरांना विचारूनच बदलायचा, यावर कुठे वाद आहे?

आता ते 46 टक्के. आकडा खरा आहे, कबूल करावंच लागतं. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीचा तो आकडा, 2017 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. 149 पैकी 68 जणांची शुगर वर्षाच्या शेवटी गोळ्यांशिवाय आटोक्यात होती. पण त्यांना कुणी दोनदा पोटभर जेवायला सांगितलं नव्हतं. तीन ते पाच महिने नेहमीचं जेवण बंद, शेक आणि सूप, दिवसाला जेमतेम साडेआठशे कॅलरी. ज्यांचं वजन 15 किलो किंवा जास्त उतरलं, त्यांच्यात हे प्रमाण 86 टक्के होतं. म्हणजे काम वजनाने केलं. सगळ्यांचा डायबिटीस सहा वर्षांच्या आतला, इन्सुलिनवर कुणीच नाही. मावशीचा सतरा वर्षांचा. आणि ‘मुळापासून’ म्हणाल, तर दुसऱ्या वर्षाअखेर 46 चे 36 टक्के झाले होते.

गंमत म्हणजे गोळ्या तिथे खरोखरच पहिल्या दिवशी बंद केल्या होत्या. फॉरवर्डवाल्याने तेवढंच उचललं. जेवण त्याच दिवशी तोडलं होतं आणि वर लक्ष ठेवायला माणसं होती, हे गाळलं.

मावशीने तर त्याहून भलतंच केलं. मी ओरडलो तर म्हणते, “अरे, गोळ्या कशा सोडेन? तेवढी अक्कल आहे मला. फक्त जेवण कमी केलं.” तिला वाटलं, हा सुरक्षित मार्ग. तिच्या गोळीत ग्लिमेपिराइड आहे. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, तुम्ही जेवलात की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. डोस ठरला तेव्हा ती नाश्ता, दुपारचं, चारची खारी आणि रात्रीचं असं खात होती. ते अर्ध्यावर आणलं, गोळी तेवढीच. शुगर खाली जाणार नाही तर काय होणार? नुसतं मेटफॉर्मिन, म्हणजे डायबिटीसचं दुसरं नेहमीचं औषध, असतं तर एवढं सहसा होत नाही. आणि तिने फॉरवर्ड तंतोतंत पाळून गोळ्या सोडल्या असत्या, तर शुगर वर चढली असती, तीही गुपचूप.

दोनदा जेवण्यात काहीच तथ्य नाही असं नाही. प्रागमध्ये 54 मधुमेहींना बारा आठवडे दोनदा आणि बारा आठवडे सहादा जेवू घातलं, कॅलरी तेवढ्याच. दोनदाच्या काळात वजन जास्त उतरलं. मात्र ती दोन जेवणं न्याहारी आणि दुपारची होती. मावशीचं दुसरं रात्री नऊला, मालिका बघत. खारी सुटली हे बरं झालं, तेवढं श्रेय देतो.

डॉक्टरांनी तिची गोळी आता अर्ध्या ताकदीची करून दिलीय. मंडळातल्या आणखी तिघींनी हाच फॉरवर्ड धरलाय. त्यातल्या एकीला इन्सुलिन चालू आहे. तिचा नंबर मावशीकडून घेतलाय, लावतोय.