अकरा हजार आठशेचं कार्ड

मंगळवारी ऑफिसात एका व्हेंडरशी बेअरिंगच्या भावावरून घासाघीस चालली होती, तेवढ्यात मोबाइल वाजला. 'प्रिय ग्राहक, आपल्या कार्डाचं वार्षिक शुल्क पुढच्या बिलात आकारलं जाईल.' दहा हजार, अधिक जीएसटी. म्हणजे अकरा हजार आठशे. गेल्या वर्षी मॉलमध्ये टाय लावलेल्या मुलाने हे क्रेडिट कार्ड गळ्यात मारलं, तेव्हा त्याने 'फक्त दहा हजार' म्हटलं होतं. अठरा टक्क्यांबद्दल चकार शब्द नव्हता. मीही विचारलं नाही. एकोणीस वर्षं परचेसमध्ये काढलेल्या बाईने 'टॅक्स एक्स्ट्रा का इन्क्लुडेड?' एवढं विचारू नये, ही लाज मला अजून आहे.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "असू दे गं, लाउंज मिळतं ना."

लाउंज म्हणजे विमानतळावरची खाण्यापिण्याची सोय असलेली खास खोली, कार्ड दाखवून फुकट आत जायचं. हे 'लाउंज मिळतं ना' मी वर्षभर ऐकतेय. म्हणून वही काढली.

वही म्हणजे खरोखरच वही. कार्ड घेतलं त्याच रात्री मुलाच्या जुन्या वहीतली उरलेली पानं घेऊन दोन रकाने पाडले होते, 'दिलं' आणि 'मिळालं'. नियम एकच, आणि तो आमच्या परचेसमधला. व्हेंडर एखादी वस्तू 'कॉम्प्लिमेंटरी' देतो तेव्हा तिची किंमत एमआरपीने धरायची नाही. ही वस्तू आपण एरवी विकत घेतली असती का, आणि घेतली असती तर कितीला, तेवढीच धरायची. कॉम्प्रेसरबरोबर छत्री फुकट आली म्हणून कॉम्प्रेसर चारशे रुपयांनी स्वस्त होत नाही.

आता लाउंज. वर्षात आम्ही दोघं मिळून नऊ वेळा गेलो. नवऱ्याचा हिशोब असा, की दारावर पैसे भरून जायचं तर माणशी बाराशे, म्हणजे नऊ वेळचे दहा हजार आठशे. फी तिथेच वसूल, विषय संपला.

पण दारावर बाराशे भरून आपण कधी गेलो असतो का? पहाटेच्या फ्लाइटला पुणे विमानतळावर लाउंजच्या बाहेर रांग असते. प्रत्येकाच्या हातात कार्ड. मशीनवर दोन रुपयांचा स्वाइप होतो आणि मग आत बसायला खुर्ची शोधत फिरायचं. उपमा गार, छोले गरम, चहाचं मशीन 'मिल्क एम्प्टी' म्हणून लाल दिवा दाखवतंय. नवरा प्लेटमध्ये पेस्ट्री घेतो. एरवी सकाळी साडेपाचला हा माणूस बिस्किटसुद्धा खात नाही. लाउंज नसतं तर आम्ही चहा आणि फार तर एक सँडविच घेतलं असतं. विमानतळाच्या भावाने माणशी तीनशे. नऊ गुणिले तीनशे, दोन हजार सातशे. मी तेवढेच लिहिले. तो रुसला, पण लिहिले.

आईचा किस्सा मात्र 'दिलं'च्या रकान्यात गेला. दिवाळीनंतर तिला नागपूरला सोडायला मी बरोबर निघाले होते. म्हटलं, चला, आईला जरा थाट दाखवू. कार्डाबरोबर लाउंजच्या सदस्यत्वाचं वेगळं एक कार्ड येतं, ते दाखवून तिला पाहुणी म्हणून आत नेलं. आई खुर्चीच्या टोकावर बसली, एक इडली खाल्ली, अर्धा कप चहा प्यायली आणि पिशवीतून तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा काढून मला म्हणाली, "घे, हे जरा बरं लागेल." महिन्याने बिलात पाहुण्याचे सत्तावीस डॉलर अधिक जीएसटी आले. रुपयांत २,७४०. तेव्हापासून घरात त्या इडलीला सत्ताविशी इडली म्हणतात.

आता खर्चावर बँक बक्षीस म्हणून देते त्या पॉइंटांकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. माझ्या कार्डावर दीडशे रुपयांना पाच पॉइंट. ऐकायला सव्वातीन टक्क्यांच्या वर जातं. वर्षात पॉइंट मिळतील असा खर्च झाला ३,६०,०००, म्हणजे १२,००० पॉइंट. आता एका पॉइंटचे किती? तर बँकेच्याच पोर्टलवरून विमानाचं तिकीट काढलं तर एक रुपया, बिलात वळते करून घेतले तर तीस पैसे. एकाच पॉइंटचे दोन भाव! बरं, पोर्टलवर तिकिटाच्या सत्तर टक्केच पॉइंटांत भरता येतात, उरलेले रोख. आणि जे पुणे-दिल्ली तिकीट विमान कंपनीच्या साइटवर ६,४१० ला होतं, ते पोर्टलवर ६,९४० ला. हे सगळं वजा जाता माझ्या हिशोबात एक पॉइंट पंच्याऐंशी पैशांचा पडला. १२,००० चे झाले १०,२००. त्यातूनही माझ्या जुन्या, बिनफीच्या कार्डाने त्याच खर्चावर एक टक्का, म्हणजे ३,६०० दिलेच असते, ते वजा. ह्या कार्डाची खरी कमाई ६,६००.

तुम्ही म्हणाल, वर्षाला तीन लाख साठ हजारच कसे? अहो, कार्डावर चालतं काय ते बघा. पेट्रोलवर पॉइंट नाहीत, विम्याच्या हप्त्यावर नाहीत, घरभाड्यावर नाहीत आणि भाड्याला तर वर एक टक्का चार्ज. क्लासची फी ॲपवरून भरली तर तिथेही चार्ज. भाजीवाला, दूधवाला, इस्त्रीवाला, कोपऱ्यावरचा किराणा, सगळे यूपीआयवाले. यूपीआयला क्रेडिट कार्ड जोडता येतं, २०२२ पासून, पण ते रुपे, म्हणजे व्हिसा-मास्टरकार्डऐवजी आपल्या देशी नेटवर्कचं असेल तर. माझं रुपे नाही. म्हणजे घरखर्चाचा निम्म्याहून मोठा भाग ह्या कार्डाच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही.

आणि हे पॉइंट येतात कुठून? आपण कार्ड घासतो तेव्हा दुकानदार बँकेला दोनेक टक्के देतो, त्यातला तुकडा आपल्याला पॉइंट म्हणून परत मिळतो. शिवाय जे लोक बिल थकवतात ते महिन्याला साडेतीन-पावणेचार टक्क्यांनी व्याज भरतात, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. आपली फुकटची पेस्ट्री बरीचशी त्यांच्या ताटातली आहे. (एकदा तारीख चुकली की आपणही त्याच पंगतीत. ऑटोपे, म्हणजे बिल खात्यातून आपोआप भरलं जाण्याची सोय, लावलेलं नसेल तर पुढचं वाचूच नका, आधी ते लावा.) यूपीआयवर दुकानदाराला हा दोन टक्क्यांचा भुर्दंड नाही, म्हणून तिथे बक्षिसंही नाहीत. आमचा फ्रिजवाला तर तोंडावर बोलतो, "वहिनी, कार्ड दिलं तर दोन टक्के जास्त पडतील." बेचाळीस हजारांच्या फ्रिजवर ८४० रुपये जास्त देऊन मी १,४०० पॉइंट घेणार होते. ते तिकिटावर वापरले तरच वसूल, बिलात वळते केले तर ४२० रुपयेच. यूपीआयने दिले.

परदेशातला फायदा मात्र खरा, तो मी खुल्या दिलाने लिहिलाय. साध्या कार्डावर परकीय चलनाचा मार्कअप, म्हणजे परदेशातल्या खर्चावर बँक वर लावते तो आकार, साडेतीन टक्के, जीएसटी धरून ४.१३. ह्या कार्डावर दोन टक्के, जीएसटी धरून २.३६. मे महिन्यात सिंगापूरला गेलो तेव्हा कार्डावर १,४२,००० खर्च झाले, म्हणजे वाचले २,५१३. पण लगेच हेही सांगते, की शून्य मार्कअपची कार्डं आता आपल्याकडे वार्षिक फीशिवाय मिळतात. वर्षाकाठी एक परदेशवारी करणाऱ्याने मार्कअप वाचवायला दहा हजारांचं कार्ड घेण्यात अर्थ नाही.

तिथेच लिटल इंडियातल्या एका दुकानात नवऱ्याने एक पराक्रम केला. मशीनने विचारलं, बिल सिंगापूर डॉलरमध्ये का रुपयांत? त्याने आपलं मातृभूमीचं प्रेम म्हणून रुपये दाबले. मग रेट मशीनवाल्याचा लागतो, बँकेचा नाही. अठरा हजारांच्या खरेदीत सातशे गेले. परदेशात मशीनने असं विचारलं तर कायम तिथलं चलन दाबायचं.

तर बेरीज. लाउंजचे २,७००, मार्कअपचे २,५१३, पॉइंटांचे ६,६००. एकूण ११,८१३. फी ११,८००.

तेरा रुपये नफा. मी दोनदा बेरीज केली. नवरा टाळी देऊन म्हणाला, "बघ! सांगत होतो."

मग मी पान उलटलं. मागे होती सत्ताविशी इडली २,७४०, मातृभूमीप्रेम ७००, आणि एअर फ्रायर ७,४९९. एअर फ्रायरची गोष्ट अशी, की साडेतीन लाख खर्च झाला तर दोन हजारांचं व्हाउचर होतं. फेब्रुवारीत मला सात हजार कमी पडत होते. व्हाउचर मिळालं खरं, पण ज्या ब्रँडचं मिळालं तिथे दोन हजारांत रुमाल येतो, त्यामुळे ते अजून मेलमध्येच पडून आहे. एअर फ्रायर ओट्यावर आहे. त्यात आतापर्यंत दोनदा पापड भाजलेत. आई बघून म्हणाली, "बटण सापडलं म्हणून कोट शिवलास होय?"

ह्या कार्डांचं मला सगळ्यात खटकतं ते हेच. फी एकदाच जाते, ती दिसते. पण ती भरल्यावर 'वसूल करायचंय' ही जी खाज सुटते, ती वर्षभर खर्च करवते. आपण कार्ड वापरत नाही, कार्ड आपल्याला कामाला लावतं. माझी नणंद न्यू जर्सीत असते, तिच्याकडे तिथल्या चेस बँकेचं सफायर रिझर्व्ह कार्ड आहे. २०१६ मध्ये ते आलं तेव्हा फी ४५० डॉलर होती, २०२० मध्ये ५५० झाली, २०२५ मध्ये ७९५. बदल्यात सवलतींचं बाडच देतात, पण तुकडे पाडून. ठरावीक रेस्टॉरंटांसाठी वर्षाला तीनशे डॉलर, ते सहामाहीला दीडशे-दीडशे. ती म्हणते, "वहिनी, तीस जूनला भूक नसताना जेवायला जावं लागतं."

पॉइंट साठवून ठेवणाऱ्यांसाठी एक सांगते. पॉइंट ही बँकेने छापलेली नोट आहे, तिचा भाव बँकच ठरवते. ॲक्सिसच्या मॅग्नस कार्डावर महिन्याला लाखभर खर्च केला की पंचवीस हजार पॉइंट मिळत. आमच्या ऑफिसातले दोघे-तिघे त्यावर बिझनेस क्लासची स्वप्नं बघत होते. सप्टेंबर २०२३ पासून ते बंद झालं आणि फी दहा हजारांची साडेबारा झाली. विस्तारा विमान कंपनीच्या नावाची, बँकांनी काढलेली को-ब्रँड कार्डं लोकांनी केवढ्या हौसेने घेतली होती. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. पॉइंट मिळाले की उडवायचे. नातवंडांसाठी ठेवायची ती वस्तू नव्हे.

म्हणजे कार्ड वाईटच असं मी म्हणत नाही. आमचे सेल्सचे साहेब महिन्यातून सहा वेळा उडतात, तिकिटं, हॉटेलं सगळी स्वतःच्या कार्डावर, नंतर कंपनीकडून क्लेम. पैसे कंपनीचे, पॉइंट साहेबांचे. त्यांनी पंचवीस हजार फी दिली तरी ती वसूल होईल. पहिल्या वर्षाची गोष्टही निराळी. मला घेतानाच १०,००० वेलकम पॉइंट मिळाले होते, ते मी वरच्या बेरजेत मुद्दाम धरले नाहीत, कारण दुसऱ्या वर्षी ते नाहीत. रिन्यूअलचा मेसेज येतो तेव्हा प्रश्न गेल्या वर्षाचा नसतोच, येणाऱ्या वर्षाचा असतो. आणि येणाऱ्या वर्षी आमच्या घरी दहावी आहे. सिंगापूर सोडा, सिंहगडसुद्धा होणार नाही.

बुधवारी कस्टमर केअरला फोन लावला. बंद करायचंय म्हटल्याबरोबर पलीकडचा आवाज एकदम मधाळ झाला. अर्धी फी माफ करतो. नाही. बरं, नव्वद दिवसांत एक लाख खर्च केलात तर पूर्ण माफ. (म्हणजे आणखी तेरा एअर फ्रायर.) नाही. शेवटी स्वतःहूनच म्हणाला, फी नसलेलं खालचं कार्ड देतो, लिमिट तेच राहील. हा पर्याय पहिल्या मिनिटात कोणी सांगत नाही, व्हेंडरचा शेवटचा भाव जसा उठून दाराकडे निघाल्यावर येतो तसा येतो. घेतलं. तुमची बँक टाळाटाळ करत असेल तर एवढं लक्षात असू द्या, की थकबाकी नसेल तर कार्ड बंद करायच्या विनंतीवर सात कामाच्या दिवसांत कार्यवाही झाली पाहिजे. नाही तर पुढे दिवसाला पाचशे रुपये दंड बँकेने ग्राहकाला द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे.

फक्त आधी पॉइंट संपवायचे होते. वेलकमचे धरून बावीस हजारांतले आठ हजार वापरले होते, चौदा उरले होते. काल रात्री बसून आईची आणि मामाची नागपूर-पुणे जाण्यायेण्याची तिकिटं काढली आणि आईला फोन केला. तिने तारीख विचारली, वेळ विचारली, मग जरा थांबून म्हणाली, "त्या खोलीत बसायचं नाही ना गं?"

नाही म्हटलं.

"मग पुऱ्या जास्त करते. मामालाही लागतात."