संकेतस्थळाच्या ‘लाखभर वाचकां’बद्दल खुलासा

इंदूरच्या आपल्या मंडळाच्या ग्रुपवर होस्टिंगच्या (संकेतस्थळ ठेवलेल्या सर्व्हरच्या) पॅनेलचा एक फोटो फिरतोय. खाली ओळ: ‘महिन्यात लाखावर लोकांनी आपलं संकेतस्थळ पाहिलं’. संकेतस्थळ मीच सांभाळतो, म्हणून सांगतो: ते आकडे माणसांचे नाहीत, हिट्सचे आहेत.

हिट म्हणजे सर्व्हरकडे मागितलेली एकेक फाइल. काल गणेशोत्सवाचं पान उघडून मोजलं. फोटोच २२, वर वर्डप्रेसच्या (संकेतस्थळ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) थीमच्या म्हणजे मांडणीच्या नि प्लगिनच्या म्हणजे जोड-प्रोग्रॅमच्या फायली. पाहणारा मी एकटा, हिट्स ४१! तसंच, सराफ्यात (इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात) एकच माणूस भुट्ट्याचा कीस, गराडू, जिलबी खातो. प्लेटा तीन, गिऱ्हाईक एकच. शिवाय सर्व्हरच्या नोंदीत गूगलचे नि इतरांचे बॉटही (आपोआप पानं उघडणारे प्रोग्रॅम) येतात, आणि ते रात्रंदिवस फिरत असतात.

वाचक मोजायचे तर भेटींची मोजदाद करणाऱ्या गूगल अ‍ॅनालिटिक्समधला ‘यूझर्स’चा आकडा बघा. तोही तंतोतंत नसतो. तो कुकीवर (ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या खुणेवर) चालतो, त्यामुळे काकांचा फोन नि लॅपटॉप बहुधा दोन माणसं ठरतात; उलट जाहिराती अडवणारा अ‍ॅडब्लॉकर लावणारा दिसतच नाही.

एक चूक माझीही. मोजणीचा कोड थीममध्येही टाकला होता आणि प्लगिनमधूनही, म्हणून मध्यंतरी पेज व्ह्यूज (पानं किती वेळा उघडली तो आकडा) दुप्पट दिसत होते. एक काढलाय. त्या काळातले आकडे अहवालात घेऊ नका. १ जुलै २०२३ला बंद झालेल्या गूगलच्याच जुन्या यूनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्सशीही तुलना नको, त्याची मोजायची पद्धतच वेगळी होती.

जाहिरातदारांना तो फोटो पाठवला असेल, तर मला आजच कळवा.